‘न्यूज’ आणि ‘ब्रंच’ एका रांगेत नकोत

संपादक महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या शिकवण्यांच्या सामान्यज्ञानाच्या सरावपत्रिकांत ‘ब्रंच’, ‘स्मॉग’ यांच्याच रांगेत ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ’ असे सर्रास छापलेले असते. हे साफ चूक आहे. ‘न्यूज’ हा ‘न्यू’पासून झालेला शब्द, अर्थ, नव्या गोष्टी. दिशा त्याला मागाहून चिकटवल्या गेल्या.

‘ब्रंच’ची गोष्ट निराळी. तो ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ जोडून मुद्दाम केलेला शब्द आहे. आंब्याच्या कलमासारखे इथे दोन्ही शब्द छाटलेले असतात. ‘ब्रेकफास्ट’मध्ये ‘ब्रेक’ आणि ‘फास्ट’ दोन्ही अखंड आहेत, म्हणून तो नुसता समास. ‘ब्रंच’मध्ये मात्र ब्रेकफास्टचा फक्त ‘ब्र’ उरतो आणि लंचचा ‘ल’ गळतो. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये रविवारी उशिरा उठणाऱ्यांच्या बाजूने लेख लिहिला, त्यात हा शब्द येतो. पुढच्याच वर्षी ‘पंच’ साप्ताहिकात त्याला जोडीदारही मिळाला: जेवण न्याहारीच्या वेळेजवळ असेल तर ब्रंच, दुपारच्या जेवणाजवळ असेल तर ‘ब्लंच’. ब्लंच टिकला नाही.

छाटणी कुठे करायची यावर बरेच अवलंबून असते. ‘स्मोक’चा ‘स्म’ आणि ‘फॉग’चा ‘ऑग’ मिळून स्मॉग. १९०५ मध्ये लंडनमधल्या एका आरोग्य परिषदेत डॉ. डे व्हो यांनी तो मांडला आणि वृत्तपत्रांनी उचलला. क्रम उलटा केला असता तर ‘फोक’ झाला असता, आणि लोक या अर्थाचा त्याच उच्चाराचा शब्द इंग्रजीत आधीच आहे. अशी गल्लत होणारा शब्द सहसा जगत नाही.

या साऱ्या प्रकाराला ‘पोर्टमँटो’ हे नाव इंग्रज लेखक लुईस कॅरल यांनी १८७१ मध्ये दिले. पोर्टमँटो म्हणजे दोन कप्प्यांत उघडणारी प्रवासी बॅग.

मुलांना हे मराठीतूनही शिकवता येते, आणि ते आवर्जून शिकवावे. हिवाळ्यात आपल्या बातम्यांत येणारे ‘धुरके’ पाहा: ‘धूर’ आणि ‘धुके’. धुक्यातला ‘धु’ गेला, ‘के’ राहिला. ‘धुर्‌-के’ हा उच्चार धुक्याइतकाच, दोनच ठोक्यांचा.

सरावपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. प्रत्येक शब्दापुढे मूळचे दोन शब्द, ते कुठे छाटले ती जागा आणि सर्वांत जुना छापील वापर असे तीन रकाने ठेवावेत. तिसरा भरता आला नाही, तर तो शब्द तूर्त छापू नये.

– इंग्रजीचे एक शिक्षक, नौपाडा, ठाणे