आई-बाबा, सायकल घेतली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे खरं तर फोनवर सांगायचं होतं. पण रविवारी तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मागे कुकर शिट्ट्या मारत असतो, आई "आधी जेवलीस का ते सांग" म्हणते आणि मुख्य गोष्ट राहून जाते. शिवाय या वेळी मला मध्येच कोणी थांबवायला नको होतं. म्हणून लिहिते आहे. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, मोबाइलवर डोळे ताणून वाचू नका.

मी सायकल घेतली आहे.

आई, आधी पूर्ण वाच, मग चिड. ट्रामच्या रुळांवर सायकलवरून पडून कमरेखालचं, बैठकीचं हाड आणि मनगट मोडून घेतलं, आणि आता पुन्हा सायकल, असं तू म्हणणार हे माहीत आहे. ही तीन चाकांची आहे. पुढे दोन, मागे एक. बाबांच्या कॅनव्हासच्या आरामखुर्चीला चाकं लावली तर जे दिसेल, साधारण तसं. जाळीच्या कापडाच्या बैठकीत मागे रेलून बसायचं, पाय समोर, पेडलं पुढच्या दांड्याच्या टोकाला. हँडल छातीपुढे नाहीच. बैठकीच्या दोन्ही बाजूंना एकेक मूठ आहे, हात नुसते खाली सोडले की त्या हाताशी येतात. मनगटावर वजन पडत नाही. सिग्नलला थांबले तरी पाय खाली टेकवायला लागत नाही, ती आपली उभी राहते. आणि हे तुझ्यासाठी पुन्हा लिहिते: ती पडत नाही. भरधाव वळण घेतलं तर कलंडू शकते म्हणतात, पण तुझी मुलगी सध्या भरधाव काहीच करत नाही.

"सायकलच कशाला?" हा प्रश्न मला इथे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला बसून ऐकू येतोय. चालणं हा व्यायाम आहे, मान्य. पण चालताना प्रत्येक पावलाला सगळं वजन त्याच हाडावरून जातं, आणि स्टेशनपर्यंत गेलं की जांघेत ठणका सुरू होतो. ट्राममध्ये बसायला जागा मिळतेच असं नाही आणि उभं राहिलं की धक्के. गाडीचा इथला परवाना माझ्याकडे नाही. सगळ्यांत मोठं कारण असं की घरात बसून मी तुमच्या जावयांना सळो की पळो करून सोडलंय. विचारा त्यांना. सोफ्यावर पडून मी त्यांना कांदा कसा चिरायचा ते शिकवत असते.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फिजिओथेरपिस्टकडे पाठ टेकून पेडल मारायचं एक यंत्र आहे. हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा त्याच्यावर बसवलं. पाय मोकळे फिरत होते आणि कुठेच दुखत नव्हतं! साध्या सायकलच्या सीटवर वजन नेमकं तिथेच येतं जिथे माझं हाड मोडलं होतं. इथे ते पाठीवर आणि मांड्यांवर पसरतं. मीच विचारलं, अशीच रस्त्यावर चालणारी नसते का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, खिडकीतून बाहेर बघत बसा, तासाभरात एक तरी जाईल. त्यानंतर हाडांच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली. इथले डॉक्टर तुला माहीत आहेतच, पॅरासिटॅमॉलच्या पुढे फारसं जात नाहीत, तेव्हा मान हलवणं म्हणजे बरंच झालं.

दोन चाकांची आडवी सायकलसुद्धा दुकानात चालवून पाहिली. हळू चालली की ती डगमगते आणि सुटताना तोल सांभाळावा लागतो. ती लगेच नाकारली. बुटकी तीन चाकीही नाकारली, कारण तिच्यातून उठताना जमिनीवरून उठल्यासारखं होतं आणि ते मला अजून जमत नाही. घेतली ती जर्मनीतल्या क्रिफ्टेल गावी तयार होणारी 'स्कॉर्पियन', उंच बैठकीची. खुर्चीवर बसावं तशी बसते, खुर्चीवरून उठावं तशी उठते. जुनी आहे. नव्या गाडीला काही हजार युरो पडतात, हिला त्याहून बरेच कमी पडले. नक्की आकडा सांगणार नाही. बाबा लगेच शंभराने गुणतील आणि आई म्हणेल, एवढ्यात बाथरूम नवीन झालं असतं. बाथरूमचं खाली लिहिलंय.

आई, एक गोष्ट सांगू? पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस होता. त्याच्या मुलाला सायकल हवी होती, पण रस्त्यावरच्या रहदारीत नको म्हणून आईने हट्ट धरला. मग मोशेने मुलासाठी चार चाकांची, पेडलवर चालणारी छोटी गाडी बनवली, असं सांगतात. त्या गाडीतूनच पुढे त्याची आडवी सायकल निघाली. म्हणजे हे सगळं एका घाबरलेल्या आईपासून सुरू झालंय. आता मला काय बोलशील?

आणि बाबा, तुमच्यासाठी आकडे. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या स्वाराने मोशेच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एगचा होता, ४४.२४७ किलोमीटर, आणि तो १९१४ पासून कोणी मोडला नव्हता. मग झालं काय? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकल कशाला म्हणायचं याचे नियमच बदलले आणि १ एप्रिल १९३४ पासून आडव्या सायकलींना शर्यतींतून बाहेर काढलं. पेपर चांगला सोडवला म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करायचं! तुम्ही असं कोणाला केलं नसतंत. त्या वेगाचं कारण साधं आहे, माणूस आडवा बसला की वाऱ्याला अंग कमी लागतं. इथे समुद्रावरून सतत वारा असतो, त्यामुळे हे मला रोज कळतं.

आता पुढचा परिच्छेद फक्त बाबांसाठी. आईला वाचून दाखवताना गाळा.

धोका कुठे आहे ते तुम्ही विचारणारच. या सायकलवर पाय जमिनीपासून थोडेच वर असतात. पाय पेडलवरून घसरून रस्त्याला लागला तर गाडी पुढे जाते, पाय मागे राहतो आणि खाली ओढला जातो. म्हणून मी टाचेला आधार आणि वर पट्टा असलेली पेडलं लावून घेतली, पाय सुटूच शकत नाही. दुसरं गुडघ्याचं. उभ्या सायकलवर आपण फार तर आपल्या वजनाइतका जोर देतो. इथे पाठीला टेकू असल्यामुळे त्याहून जास्त रेटता येतं, आणि ते गुडघ्याला बाधतं. म्हणून हलका गिअर आणि भरभर पेडल, हा नियम. पुढचा दांडा सरकवून पायाच्या मापाचा करून घेतलाय. पाय लांब केला तरी गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा. साखळी म्हणाल तर नेहमीच्या सायकलच्या अडीच-तीन पट लांब, नळीतून फिरवलेली. तुम्ही इथे असता तर पहिल्याच संध्याकाळी ती खोलून रॉकेलच्या चिंधीने पुसत बसला असतात, मला ठाऊक आहे.

गाळायचं संपलं.

मोटारवाल्यांना मी दिसावी म्हणून मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा आहे, दोन आरसे आहेत, दिवे दिवसाही चालू ठेवते. सायकलचे रस्ते इथे वेगळेच असतात हे तुम्ही आला होतात तेव्हा पाहिलंत. लाल डांबराचे, ज्यावर बाबा मुद्दाम मध्ये उभे राहून फोटो काढून घेत होते आणि घंटा वाजत होत्या. शिवाय इथे मोटारीने सायकलला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्यावर येते, त्यामुळे ते जपून असतात. तीन चाकी पाऊण मीटरपेक्षा रुंद असेल तर तिला मोटारींच्या रस्त्यावरून जायचीही मुभा आहे. मी जाणार नाही. शपथ. मी स्खी कालव्याच्या काठाने जाते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गायी, आणि चढ म्हणाल तर एखादा पूल. ट्रामचे रूळ त्या वाटेवर नाहीत. आणि आडवे आलेच तरी तीन चाकांना ते पाडू शकत नाहीत.

तोटे नाहीत असं नाही. पाऊस थेट पोटावर पडतो. कुंपणापलीकडचं दिसत नाही. शाळेतली पोरं ओरडतात. पण सांगलीत लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसलेली मुलगी मी, लोकांनी बघायची मला सवय आहे. बाबा, तुम्ही वारा असला की मला पुढून वाकून झाकायचात. तुमच्या सदऱ्याला खडूचा वास यायचा. विश्रामबागेपर्यंत मी पाढे म्हणायचे आणि सतराच्या पाढ्याला हमखास झोप यायची, मग एका हाताने मला धरून तुम्ही एका हाताने चालवायचात. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. आईला तेव्हा हे माहीत नव्हतं ना? आता कळलं. जाऊ दे.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला ते. मी जुलैत येत नाही. गणपतीलाही नाही.

रागावू नका. तुम्ही माझ्यासाठी मधली खोली रंगवून घेतलीत, खाली पलंग आणलात, हे दादाकडून कळलं, आणि त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. तुमच्याकडे आराम मिळाला असता, इथल्यापेक्षा नक्की जास्त. पण एवढा लांबचा विमानप्रवास एका जागी बसून करणं मला आत्ता झेपणार नाही, आणि फिजिओ मध्ये सोडली तर परत पहिल्यापासून. आणि अजून एक. तिथे आले असते तर आईने मला बादलीसुद्धा उचलू दिली नसती. माझ्या पायांना थोडं काम हवंय. दिवाळीला येईन, चालत येईन, आणि पलंग तोपर्यंत असू दे, मी त्याच्यावरच झोपणार आहे.

खाण्याची काळजी नको. द हेगमध्ये सुरिनामी लोकांच्या दुकानांत कारली, गवार, कढीपत्ता सगळं मिळतं. ज्वारीचं पीठही मिळालं. मनगटात बसवलेल्या धातूच्या प्लेटमुळे भाकरी थापता येत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या कागदाखाली लाटते. आई, हे वाचून डोळे मिटू नकोस. फुगते. रात्री पांघरूण दोन घेते, दूध घेते, हळद तूच दिलेली अजून आहे. शेजारच्या आजी दर गुरुवारी वाटाण्याचं घट्ट सूप आणून देतात, मी त्यांना तुझा चिवडा देते. त्यांना तो तिखट लागतो, तरी डबा रिकामा येतो.

आता तुमच्याबद्दल. हे सगळं करायचं आहे, विचार करून सांगतो वगैरे नको.

बाबा, मोतीबिंदूची तारीख घ्या. "पावसाळा होऊ दे" हे तुम्ही मागच्या पावसाळ्यातही म्हणाला होता. ऑपरेशन होईपर्यंत संध्याकाळी स्कूटर घेऊन कृष्णाकाठी जायचं नाही. मी सायकल चालवते आणि तुम्हाला बंदी, हा अन्याय आहे, कळतं मला. पण माझ्या गाडीला तीन चाकं आहेत आणि मला समोरचं दिसतं.

आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत. दादा येईपर्यंत तो डबा नसला तर काही अडत नाही. तुझ्या वयात हाडं किती ठिसूळ झालीत ते तपासून घे, डेक्सा म्हणतात त्या तपासणीला, त्यात काही टोचत नाहीत. माझं हाड चाळिशीच्या आत मोडलं, म्हणून मला तुझी जास्त भीती वाटते. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाशी, दोन्हीकडे स्टीलची धरायची दांडी बसवून घ्या. पैसे मी दादाला पाठवलेत. ते परत पाठवू नका, मागच्या वेळसारखं.

आणि पावसाचं. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की बातम्या बघत बसायचं नाही. इशारा असतो तो, ४५ ला धोका. चाळीसलाच दादाकडे जायचं, देवांसह, औषधांसह, बाबांच्या पेन्शनच्या फायलीसह. २०१९ साली काय झालं ते मी काढत नाही, पण "गावभागात एवढं येत नाही" हे वाक्य या घरात आता कोणी बोलायचं नाही.

शेजारच्या काकूंचा नातू ऑगस्टमध्ये इकडे येतोय. त्याच्याबरोबर फक्त भडंग आणि मेतकूट द्या. लोणचं नको, त्या मुलाच्या बॅगेत फुटलं तर काकू आयुष्यभर ऐकवतील. आणि आई, विणलेलं काही देणार असशील तर पायमोजे दे. पाय पुढे असल्यामुळे बोटं गार पडतात.

दांडीसाठी भिंतीचं माप घेऊन शनिवारपर्यंत दादाला द्या.

तुमची,
मनी