भिंगाखालचा काटा दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण दिलेले भिंग अजून माझ्याच टेबलावर आहे. ते परत करण्याआधी हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

मराठीत 'घरात'ऐवजी 'धरात' छापले असले तरी डोळा अडखळत नाही, मनातल्या मनात दुरुस्ती होते आणि फार तर आपण मुद्रितशोधकाला नावे ठेवतो. जर्मन वाचताना मात्र शब्द अडला की दोष आपलाच, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. एका जुन्या कादंबरीची स्वस्त पुनर्मुद्रित प्रत मी हौसेने मागवली, तेव्हा मूळ पुस्तक फ्राक्टुर या जर्मन छपाईच्या जुन्या, टोकदार अक्षरवळणात छापलेले होते आणि ते यंत्राकडून वाचून घेऊन साध्या रोमन अक्षरांत उतरवले होते, एवढेही मला ठाऊक नव्हते. 'नूए' हा शब्द मी दोन शब्दकोशांत शोधला. तो सापडणार कुठून? तो 'रूए', म्हणजे शांतता, होता; फ्राक्टुरमधले मोठे 'आर' आणि 'एन' इतके सारखे दिसतात की यंत्र फसले.

त्याहून फसवा निघाला 'फाइन ब्रूडर', कारण 'फाइन' कोशात सापडतो: नाजूक, उत्तम. मी समासात पेन्सिलीने 'उमदा भाऊ' असे लिहिले आणि पुढची चाळीस पाने त्याच्या उमदेपणाची वाट पाहिली. आपण वाक्य ऐकून एवढेच विचारलेत, "विशेषणाचा प्रत्यय कुठे गेला?" पुल्लिंगी नामाआधी 'फाइनर' हवे, हे मी परीक्षेत झोपेतही लिहिले असते. मग आपण मूळ आवृत्तीच्या पानाचे छायाचित्र काढून भिंग माझ्या हातात दिलेत. 'एफ'ची आडवी रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते. लांब 'एस'ला, म्हणजे जुन्या छपाईतल्या 'एफ'सारख्या दिसणाऱ्या 'एस'ला, फक्त डावीकडे बारीकसा काटा असतो. शब्द 'एस'ने सुरू होणारा 'ज़ाइन' होता आणि भाऊ उमदा वगैरे नव्हता, नुसता 'त्याचा' होता.

हा लांब 'एस' नुसता उपद्रवी नाही, हेही आपणच दाखवलेत. 'वाखश्टूबे' म्हणजे पहारेकऱ्यांची खोली आणि 'वाक्सटूबे' म्हणजे मेणाची नळी यांचे आजचे स्पेलिंग एकच आहे. फ्राक्टुरमध्ये मात्र पहिल्यात लांब आणि दुसऱ्यात आखूड 'एस' येत असल्याने घोटाळा होत नसे. 1941 साली नाझी राजवटीनेच फ्राक्टुरला रजा दिली, हे ऐकून मी चकितच झाले होते. छापखान्यात खिळे जुळवणारे जर्मन जुळारी चुकून दोनदा जुळलेल्या शब्दाला 'लग्न' आणि गळालेल्या शब्दाला 'प्रेत' म्हणत, हे तर मी घरी सगळ्यांना सांगून झाले.

या सगळ्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

एक कबुलीही द्यायची आहे. संशय घेण्याची मुभा मिळाल्यावर मी जरा सैल सुटले आणि 'टाल', म्हणजे दरी, या शब्दात 'टी'नंतर आलेला 'एच' पानापानावर लाल शाईने खोडत गेले. 1901 च्या शुद्धलेखन परिषदेपूर्वी तो तसाच लिहीत असत, हे काल समजले. लाल शाई निघत नाही. रविवारी प्रत घेऊन येते, भिंगही आणते.

आपली विद्यार्थिनी