मे महिना कोरडा समजणं आता बंद करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या शनिवार-रविवारी, म्हणजे 24 आणि 25 मे 2025 ला, देशात एकाच वेळी काय काय चाललं होतं बघा. राजस्थानात गंगानगर-जैसलमेरकडे पारा 45 च्या पुढे. दिल्लीत शनिवारी रात्री उशिरा वादळ आलं, वारा ताशी 82 किमी, सफदरजंगला काही तासात 81 मिमी पाऊस, मिंटो ब्रिजखाली गाडी बुडाली, विमानं दुसरीकडे वळवावी लागली. आणि रविवारी आमच्या बारामती, इंदापूर, दौंड भागात चक्क पूर. जिथे मे महिन्यात टँकरची वाट बघतात त्या भागात, तेही रोहिणी नक्षत्र लागायच्या दिवशी!

टीव्हीवर सगळीकडे मान्सून लवकर आला एवढंच चाललंय. ते खरंय, शनिवारी केरळात पोचला, 2009 नंतर इतका लवकर पहिल्यांदाच, रविवारी देवगड आणि सोमवारी मुंबई-पुणे. पण आमच्याकडे जे कोसळलं त्याला आणखी एक कारण होतं, अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन शनिवारी दुपारी रत्नागिरी-दापोलीच्या मधून जमिनीवर आला आणि तसाच पूर्वेला सरकत राहिला. हवा एक अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे ऊन आणि पूर या दोन वेगळ्या बातम्या समजू नयेत असं मला वाटतं.

पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी शेतात आणि घरात घुसलं, एनडीआरएफची पथकं आली. मी हे सगळं लिहितोय ते एकाच गोष्टीसाठी. आपली अख्खी सरकारी व्यवस्था पाऊस 7 जूनला येणार या हिशोबाने चालते. मुंबईत नालेसफाईची मुदत 31 मे, गावाकडे ओढे-चाऱ्या साफ करणं, कालव्याचे भराव बघणं, रस्त्याच्या मोऱ्या मोकळ्या करणं सगळं मे संपता संपता. मग पाऊस 25 तारखेला आला की कामं अर्धवट आणि राडारोडा तिथेच काठावर, तोच परत पाण्यात. सोमवारी मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, वरळीचं नवीन भुयारी मेट्रो स्टेशन महिनासुद्धा झाला नव्हता सुरू होऊन, त्यात पाणी. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा 1918 पासूनचा रेकॉर्ड मोडला.

शेतकऱ्याचं तर विचारूच नका. उन्हाळी कांदा काढून शेतात आरण (कांद्याचा ढीग) लावलेली, वर पात टाकलेली, कारण मे मध्ये एवढा पाऊस येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. खालून पाणी शिरलं की कांदा सडायला वेळ लागत नाही, आणि भाव आधीच पडलेले. उभ्या पिकाचा पंचनामा तरी होतो, काढून ठेवलेल्या मालाचं काय, तर कुणी नीट उत्तर देत नाही. त्यात याच महिन्यात शासनाने पीक विम्याचे नियम बदलले. 2025 च्या खरिपापासून स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याची कारणं, काढून टाकले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक रानातलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर. म्हणजे महसूल मंडळाची (आसपासच्या गावांची मिळून) सरासरी चांगली आली की ज्याच्या एकट्याच्या रानात पाणी साचलं तो गेला. हवामान असं बेभरवशाचं झालेलं असताना नेमकं हेच काढायचं? मला हा निर्णय अजिबात पटलेला नाही.

कृषी विभाग सांगतोय पेरणीची घाई करू नका, ते बरोबर आहे, ऐकायला पाहिजे. रान चिबडलंय, वाफसा (पेरणीजोगी ओल) नाही, मशागती राहिल्यात, आणि मध्ये खंड पडला तर दुबार पेरणीचा खर्च कोण देणार.

आपल्या पेपरातून हा विषय लावून धरावा ही विनंती. पावसाळ्यापूर्वीच्या कामांची मुदत 30 एप्रिल करा, कालव्यांची पाहणी त्याच्याही आधी करा, काढून ठेवलेला कांदा पंचनाम्यात घ्या आणि विम्यातले ट्रिगर परत आणा. खरिपाचा विमा भरायच्या आत यावर निर्णय झाला तर उपयोग, नंतर घेतला तर पुढच्या वर्षापर्यंत आम्ही तसेच.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. इंदापूर, जि. पुणे