खिशाची शिवण तपासून घे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझी बॅग भरून झाली असेल, तर ती पुन्हा रिकामी कर. रागावू नकोस, कारण सांगतो. तू आता निघालीस त्याच साउथ जॉर्जियाला, दक्षिण अटलांटिकमधल्या त्या बेटावर, २००९ साली निघण्याआधी मी अख्खी संध्याकाळ सुई आणि चिमटा घेऊन बसलो होतो. जॅकेटच्या मनगटाच्या वेल्क्रोत कुसळं अडकली होती. सगळी काढली असं वाटलं. मग जहाजावर तपासणी झाली, गाईडने माझ्या पँटचा मागचा खिसा उलटा केला आणि शिवणीत गवताचं एक बी निघालं. मुंगीएवढं. तिने ते चिमट्याने उचललं, मला दाखवलं आणि काही न बोलता पुढच्या माणसाकडे वळली. ते बी मी आजवर विसरलेलो नाही.

कारण त्या बेटाचं जे काही नुकसान झालं, ते असंच कुणाच्या तरी सामानातून उतरलं. सील मारणाऱ्यांच्या आणि पुढे देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून तिथे उंदीर पोहोचले. तिथे झाड एकही नाही, सगळे पक्षी जमिनीवर नाहीतर बिळात अंडी घालतात. उंदरांना अडवणारं कोणी नव्हतं. तिथला एकुलता एक गाणारा पक्षी म्हणजे साउथ जॉर्जिया पिपिट, आपल्या तीरचिमणीचा भाऊबंद. जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो मुख्य बेटाच्या बहुतेक किनाऱ्यांवरून नाहीसा झाला आणि मुख्यतः उंदीर न पोहोचलेल्या छोट्या बेटांवर उरला.

मी तो ऐकला प्रायन बेटावर. वर वॉन्डरिंग अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं पिल्लू घरट्यावर बसलं होतं, अख्खा हिवाळा तिथेच काढलेलं, आणि सगळ्यांचे कॅमेरे त्याच्याकडे. तेवढ्यात टसॉक गवतातून मूठभर आकाराचा तपकिरी पक्षी सरळ वर उडाला, गात गात, आणि गातच खाली आला. त्या वाऱ्यात एवढासा जीव! पुढचे चार दिवस मुख्य बेटावर जिथे जिथे उतरलो तिथे कान देऊन होतो. पेंग्विन, सील, वारा. तो आवाज नाही.

नंतर २०११ ते २०१५ या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर संपवले गेले. हे जमलं ते हिमनद्यांमुळे. त्या थेट समुद्रात उतरतात, उंदरांना ओलांडता येत नाहीत, म्हणून बेटाचा एकेक तुकडा वेगळा साफ करता आला. हिमनद्या मागे हटत चालल्यात. आणखी उशीर झाला असता तर ते तुकडे एकमेकांना जोडले गेले असते. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि पिपिट परत आले.

आता कामाचं. अंगाला लागून लोकरीचे कपडे, सुती नको. सुती एकदा ओलं झालं की अंगावर गारठतं. हातमोजे दोन थरांचे. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव. उलटीची गोळी समुद्र खवळण्याआधी घे, नंतर उपयोग नाही. रबरी बोटीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा न धरता मनगट धर, तोही तुझं मनगट धरेल. नोव्हेंबरमध्ये फर सीलचे नर किनारा अडवून बसलेले असतात. एखादा अंगावर आला तर पाठ फिरवून पळू नकोस. उभी राहा आणि गाईड सांगेल तसं कर.

सेंट अँड्र्यूज बे या उपसागरात उतरायला मिळालं तर नशीब. हिमनदीवरून वारा अचानक कोसळतो आणि बेत रद्द होतो. आमचा पहिला रद्द झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे जमला. किंग पेंग्विनच्या दीड लाखांच्या आसपास जोड्या असतात तिथे. वास आधी येतो, मग आवाज. तिथे फोटो थोडे काढ आणि एकच पेंग्विन निवडून बघत राहा. मी बघितलेला समुद्रातून नुकताच आला होता, छाती ओली चमकत होती. तपकिरी पिल्लांच्या घोळक्याशी थांबून त्याने मान ताणून हाक दिली. तीन पिल्लं धावली. तिघांनाही त्याने चोचीने हाकललं. पुन्हा हाक. बऱ्याच लांबून एक बारीक शिट्टी आली आणि तो तिकडे चालू लागला.

तेव्हा आम्ही वाळूवर बसायचो. आईने तेवीसेक दिवस दूध पाजून सोडून दिलेलं एलिफंट सीलचं पिल्लू सरपटत आलं आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकवून झोपलं. डोळे केवढे काळे आणि मोठे! तुला हे मिळणार नाही. २०२३ मध्ये बर्ड फ्लू तिथे पोहोचला आणि मोठ्या वसाहतींतल्या एलिफंट सीलच्या माद्या जवळपास निम्म्यावर आल्या. आता बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. पिल्लू जवळ आलं तर तू मागे सरक. जड जाईल, तरी सरक.

ग्रिटविकेनला अंटार्क्टिक मोहिमा करणाऱ्या शॅकलटनच्या कबरीपाशी सगळे जातात, तूही जा. पण तिथे एक काम माझं कर. १९०४ साली उभारलेल्या तिथल्या देवमाशांच्या कारखान्याचे गंजलेले सांगाडे ओलांडून मागच्या गवताकडे जा आणि दहा मिनिटं नुसती उभी राहा. माझ्या वेळी तिथे फक्त पत्र्यांचा खडखडाट होता. पिपिट गायला तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. पंधरा सेकंद पुरेत.

तुझा,
बाबा