घटातलं पिवळं धान

वाई,
12 ऑक्टोबर 2025

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्युनिकहून पिवळ्याधमक मेपलच्या पानांचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, असा ऋतू आपल्याकडे नाही ना!" तेव्हापासून मनात तेच घोळतंय. आहे गं आपल्याकडे. अश्विन-कार्तिक म्हणजे शरदच की. फक्त आपण फोटो काढतो ते सणाचे, नवी साडी नेसून ओळीत उभं राहून. मधले दिवस तसेच निसटतात. म्हणून तुझ्यासाठी लॅपटॉपवर एक चिकटवही करायला घेतली आहे.

पहिलं पान घटाचं. यंदा तृतीया दोन दिवस आली, त्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं झालं आणि धान चांगलं वीतभर वाढलं. रोज सकाळी माळ बांधायच्या आधी एकाच जागेवरून एक फोटो काढला. पहिले दोन दिवस नुसती ओली काळी माती, तिसऱ्या दिवशी गव्हाला पांढरी मोडं, मग बारीक पिवळी पाती, टोकाला पाण्याचा थेंब. तुला लहानपणी प्रश्न पडायचा ना, शेतातला गहू हिरवा आणि घटातला पिवळा का? देवघरात ऊन येत नाही, म्हणून पात्यांत हरितद्रव्य तयारच होत नाही. तुझ्या मेपलच्या पानातलं हरितद्रव्य थंडीच्या तोंडावर विरतं आणि आत दडलेला पिवळा रंग वर येतो. दोन्हीकडे पिवळंच, पण एक उगवतीचं आणि एक गळतीचं. हे दोन फोटो मी शेजारी शेजारी लावलेत. दसऱ्याला बाबांनी तेच धान टोपीत खोवलं, तोही फोटो आहे.

आपट्याच्या पानाचा फोटो काढलाच नाही. प्रिंटरच्या स्कॅनरवर पान ठेवून 300 डीपीआयला स्कॅन केलं. दोन दळं जोडल्यासारखं ते पान, शिरा इतक्या स्पष्ट आल्यात की बोट फिरवावंसं वाटतं. प्राजक्ताची फुलं मात्र स्कॅनरच्या गरम काचेवर लगेच मलूल झाली, ती पहाटे अंगणातच टिपली. कोपऱ्यावरच्या सातविणीचा रात्रीचा वास कुठल्या फाइलीत घालायचा ते समजेना, म्हणून तिथे दोन ओळी लिहिल्या.

सगळ्यात जपून केलंय ते आजींचं पान. हस्त नक्षत्र लागल्यावर पाटावर हत्ती काढला आणि त्यांना हादग्याची गाणी म्हणायला बसवलं. फोन शेजारी ठेवून ध्वनिमुद्रण केलं. चौथ्या गाण्यात त्या अडल्या, मग म्हणाल्या, "थांब, माझी आई इथं हात असा करायची." त्या हाताचाच फोटो घेतला, त्या हातातल्या बांगड्यांसकट. मधला अडखळलेला भाग मी कापलेला नाही.

तुला आठवत असेल, माझा जुना फोन बंद पडला तेव्हा तुझ्या शेवटच्या चार दिवाळ्या त्याच्याबरोबर गेल्या. अंगणातला किल्ला, मावळे, तुझे मातीने भरलेले पाय. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. त्या रात्री मी रडले होते, तुला सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक फाइल तीन ठिकाणी ठेवते: लॅपटॉप, क्लाउड आणि मामाकडे ठेवलेली हार्डडिस्क. नाव तारखेनेच सुरू करते, 2025-10-02-आपटा असं, म्हणजे आपोआप क्रम लागतो.

तुझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधाच आला, त्यामुळे बारीक झाला आणि त्याची मूळ तारीखही पुसली गेली. पुन्हा पाठव, पण डॉक्युमेंट म्हणून. आणि नुसतं "शरद" लिहू नकोस. कुठल्या रस्त्यावर होतीस, किती वाजले होते, हातात काय होतं, सोबत कोण होतं, ते लिही. कामावर जाताना रोज दिसतं तेही चालेल, डब्यातली भाजीसुद्धा.

आजी विचारत होत्या, त्या पानांना वास येतो का. तेवढं नक्की कळव.

तुझी,
आई