पिल्लाचं नाव तू ठेव

चि. सोन्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गणिताच्या पेपरचं आणि संपलेल्या लाडवांचं पुढच्या पत्रात लिहीन, आधी महत्त्वाची बातमी. आपल्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलंय. बाबा शेवटी हो म्हणाले! आणि आम्ही तिघांनी मिळून ठरवलंय की नाव तूच ठेवायचंस. तू पहिलीत होतास तेव्हापासून मागे लागला होतास आणि आलं ते नेमकं तू वसतिगृहात गेल्यावर. तेव्हा हा मान तुझाच.

न बघता नाव कसं ठेवणार, म्हणून ती कशी आहे ते आधी नीट सांगते.

मादी आहे, आपली गावठी. मंडईच्या मागे कुणीतरी पोत्यावर तीन पिल्लं आणून टाकली होती. दोन नर होते, ते लगेच गेले. हिला लोक उचलायचे, मादी आहे म्हटलं की परत ठेवायचे. पावसाची भुरभुर चालूच होती. बाबांनी पिशवीतली मेथी काखेत मारली आणि हिला पिशवीत घालून घरी आणलं. रंग तांबूस, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा. छातीवर पांढरा डाग, शेपटीचं टोक पांढरं. उजवा कान ताठ, डावा मधेच मोडून डोळ्यावर येतो. पोट टम्म आहे, पण ते जंतांमुळे, असं सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. औषध दिलंय. दात बघून त्यांनी वय दोन महिन्यांच्या आसपास सांगितलं, पहिली लस टोचली आणि कार्ड दिलं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. कार्डावर नावाची ओळ आहे, ती मी कोरी ठेवायला सांगितली.

आता मला काळजात लागलेली गोष्ट सांगते. या एवढ्याशा जिवाला माणसांच्या बोलण्यातला एकच शब्द कळतो, तो म्हणजे 'हाड'. परवा आजी अंगणात कोंबड्यांना 'हाड हाड' करत होती, तर ही शेपूट पायांत घालून माझ्या पायाशी येऊन चिकटली. पोत्यावर पडल्यापासून तिने तेवढंच ऐकलं असणार. म्हणून तू जे नाव देशील ते तिचं दुसरं अक्षरज्ञान असेल, असं समज. 'हा'ने सुरू होणारं काही नको. आजीने तेव्हापासून कोंबड्यांनासुद्धा हाड म्हणायचं सोडलंय, नुसत्या टाळ्या वाजवते.

दूधवाले मामा हिला बघून म्हणाले, "नकुशी ठेवा की, शोभंल." त्यांनी सहज म्हटलं, मनात काही वाईट नव्हतं. पण मी तिथल्या तिथे नाही म्हणाले, आणि का ते तुलाही माहीत असावं. आपल्या सातारा जिल्ह्यात मुलीच्या पाठीवर मुलगी झाली की तिचं नाव नकुशी, नकोसा ठेवायची रीत होती. पुढचा मुलगा व्हावा म्हणून! त्या मुलींना शाळेत रोज हजेरीला तेच नाव ऐकून 'हजर' म्हणावं लागायचं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८० हून जास्त मुलींना नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. मला वर्तमानपत्रातले त्या मुलींचे चेहरे अजून आठवतात, हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र धरलेले. जे नाव माणसाच्या लेकीला नको, ते आपल्या घरात कुत्र्याच्या लेकीलाही नको. तसंच काळी, लंगडी, भिकारी असलंही नको. कुत्र्याला अर्थ कळत नाही हे खरं, पण हाक मारणाऱ्याच्या तोंडाला आणि ऐकणाऱ्या गल्लीला तर कळतो.

आजीच्या मनात 'वाघी' आहे. आपलं कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, म्हणून तिला घरात कुत्रं आलं याचाच आनंद आहे. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद, हे ती या पिल्लालाही सांगून झाली. बाबा 'चिंगी' म्हणतात. दोन्ही नावं चांगली आहेत, पण तू त्यातलंच घ्यावंस असं बंधन नाही.

मी ग्रंथालयात बसून थोडं शोधलं. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याला नाव नाही, तो नुसता कुत्रा. पण आदिपर्वात एक कुत्री आहे, तिला नाव आहे: सरमा. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला यज्ञाच्या जागी मारलं. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. ते रडत आईकडे गेलं आणि ती थेट राजाच्या यज्ञात येऊन उभी राहिली, माझ्या लेकराचा अपराध काय ते सांगा म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा तिने शाप दिला. ऋग्वेदात दहाव्या मंडलातही सरमा आहे. पणी नावाच्या लोकांनी लपवलेल्या गायी शोधत ती इंद्राची दूती म्हणून रसा नदी ओलांडून जाते. पणी तिला म्हणतात, आमच्याकडे राहा, तुला बहीण मानू, गायींतला वाटा देऊ. ती ऐकत नाही. मला ही सरमा फार आवडली. अडचण एवढीच की गल्लीत हाक मारली की लोकांना ते 'शर्मा' ऐकू येणार आणि आपल्या मागच्या घरात शर्माच राहतात. त्यांना वाईट वाटेल असं काही करायचं नाही.

तुला अवकाशाचं वेड, तू लायका म्हणशील हे मी ओळखून आहे. तीही मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी मादीच होती. पण १९५७ च्या नोव्हेंबरात स्पुटनिक-२ मधून तिला पाठवलं तेव्हा परत आणायची सोयच केलेली नव्हती. रोज संध्याकाळी दारात उभं राहून 'ये ये' करताना मला ते नाव तोंडावर घ्यायला जड जाईल. १९६० च्या ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का जाऊन सुखरूप परत आल्या. त्यांतलं स्ट्रेल्का आजीला म्हणता येणार नाही. बेल्का येईल, मी म्हणवून बघितलं.

हाक मारता येणं याला मी फार महत्त्व देते. हे नाव वहीत लिहायचं नाही, ओढ्याच्या पलीकडे ऐकू जायचंय. झेनोफन नावाच्या ग्रीक लेखकाने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी शिकारी कुत्र्यांवर लिहिताना हेच सांगितलं की नाव आखूड ठेवा, हाक मारायला सोपं जातं, आणि पुढे नावांची भली मोठी यादीच दिली. दोन अक्षरं पुरेत. शेवटी ई किंवा ओ आला तर आवाज लांबवता येतो. रोजच्या शिकवण्याच्या शब्दांशी नाव मिळतंजुळतं नको: बस, ये, थांब, नको. समजा 'बसंती' ठेवलं, तर हाक मारली की ती बिचारी बसेल. कोपऱ्यावरच्या वाड्यात मोत्या आहे, तेव्हा मोती नको. राणीही नको, समोरच्या ताईंच्या मुलीला घरात राणी म्हणतात.

आणि ठरलं की घरात सगळ्यांनी तेच म्हणायचं. अमेरिकेत चेसर नावाची बॉर्डर कोली जातीची एक कुत्री होती, तिला एक हजार बावीस खेळण्यांची वेगवेगळी नावं ओळखता यायची. तिच्या मालकाने वर्षानुवर्षं रोज शिकवलं, आणि एका वस्तूला एकच नाव ठेवलं. आपण चौघांनी चार नावांनी हाका मारल्या तर हिला कसं कळणार आपण कोण? जेवण देताना, कुरवाळताना, खेळताना नाव घ्यायचं. ओरडायचं झालं तर नाव न घेता. 'हाड'चं जे झालं ते हिच्या स्वतःच्या नावाचं मला होऊ द्यायचं नाहीये.

सध्या आजी तिला नुसतं 'पोरी' म्हणते. कुकरची शिट्टी झाली की ती आजीच्या खाटेखाली पळते आणि आजी वाकून "ये गं पोरी, काय न्हाय" म्हणत भाकरीचा दुधात कुस्करलेला तुकडा बोटाने पुढे करते. आधी मोडका कान बाहेर येतो, मग नाक. तू जे नाव देशील ते आजीच्या या "ये गं"च्या पुढे लावून मोठ्याने म्हणून बघ. खोलीतल्या मुलांसमोर लाजू नकोस. म्हणताना चेहऱ्यावर हसू आलं तर तेच पाठव.

घाई करू नकोस, पण पुढच्या लसीला अजून तीन आठवडे आहेत, त्याच्या आत पत्र यायला हवं. एकच नाव पाठव. दोन पाठवलीस तर आजी एक धरील आणि बाबा दुसरं.

तब्येत सांभाळ. ओले मोजे घालून झोपू नकोस.

तुझी,
आई

ता. क. पत्राबरोबर तुझा वापरलेला, न धुतलेला रुमाल पाठव. तिच्या गोणपाटावर ठेवते, म्हणजे दिवाळीला येशील तेव्हा तुझा वास तिच्या ओळखीचा झालेला असेल.