प्रयोगशाळेच्या वाटेवर निघालेल्या मुलास

चिरंजीव बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. लॅब टेक्निशियन होऊन नोकरी मिळते का, आणि ते काम नेमके असते तरी काय? नोकरीविषयी तुला मामा आणि शेजारपाजारचे लोक भरपूर सांगतात, परंतु कामाविषयी कोणीच सांगत नाही, म्हणून मी आधी कामाविषयी लिहिते. मी परिचारिका आहे. वॉर्डातून नमुना पाठवणे आणि आलेला रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, प्रयोगशाळेतील माणूस चांगला असला तर काय होते आणि नसला तर काय होते, हे मी जवळून पाहत आले आहे.

लोकांना वाटते की रक्त काढायचे, यंत्रात घालायचे आणि आकडा छापून द्यायचा. पेशी मोजण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रच करते, हे खरे आहे. परंतु यंत्रापर्यंत जे पोहोचते ते माणसाच्या हातून पोहोचते, आणि रिपोर्टमधील बऱ्याच चुका यंत्रापूर्वीच घडून गेलेल्या असतात. रुग्णाला तू आधी त्याचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून विचारायचे, ते केसपेपरवरील नाव व नोंदणी क्रमांकाशी ताडायचे, आणि रक्त काढून झाल्यावर त्याच्या खाटेशेजारीच बल्बवर, म्हणजे रक्ताच्या नळीवर, नाव लिहायचे. टेबलावर आधीच नावे लिहून ठेवलेल्या बल्बांची रांग मला कोठेही दिसली, की मी अस्वस्थ होते, कारण एकाच आडनावाचे दोघे वॉर्डात असणे आपल्याकडे नित्याचे आहे.

बल्बांचे रंग तू पाठ करशील, पण त्यांच्यामागचे कारण समजून घे. जांभळ्या झाकणाच्या बल्बात पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते. त्यातील रक्ताचा अंश चुकून दुसऱ्या बल्बात गेला, तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते, म्हणूनच बल्ब भरण्याचा क्रम ठरवून दिलेला असतो. साखरेसाठी करड्या झाकणाचा फ्लोराइडचा बल्ब लागतो, कारण साध्या बल्बात ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात आणि तासाभरातच आकडा उतरू लागतो. निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बाचे तर विशेष ध्यानात ठेव. त्यात एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण जमलेच पाहिजे. शीर नीट सापडली नाही म्हणून बल्ब अर्धाच भरला, तर रक्त गोठण्याचा वेळ वाढलेला दिसतो, आणि हृदयाची झडप बदललेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाची गोळी त्या आकड्यावरून कमी केली जाते. डॉक्टरांनी तो बल्ब पाहिलेला नसतो, त्यांनी फक्त आकडा पाहिलेला असतो. या कामाची सारी जबाबदारी मला तेथे दिसते, आणि तू ते स्वीकारणार असशील तर ते एमबीबीएस हुकल्याचे सांत्वन म्हणून स्वीकारू नकोस, एवढेच माझे मागणे आहे.

याखेरीज सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचे नाही, रबरी पट्टा मिनिटाहून अधिक आवळून ठेवायचा नाही, रक्तपेशी फुटून नमुन्यातील वरचा द्रव लाल पडला असेल तर तो वापरण्याऐवजी पुन्हा मागवायचा, आणि आकडा जिवावर बेतणारा असेल तर छापील रिपोर्टची वाट न पाहता वॉर्डात फोन करून कळवायचा व कोणाला, किती वाजता कळवले याची नोंद ठेवायची. पुन्हा रक्त द्यावे लागते म्हणून नातेवाईक रागावतात. त्यांना शांतपणे कारण सांगणे हाही कामाचाच भाग आहे, आणि अभ्यासक्रमात तो फारसा शिकवला जात नाही.

आता नोकरीचे. तालुक्याच्या गावी लहान लॅबमध्ये सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो आणि रविवारीही जावे लागते, हे आताच माहीत असलेले बरे. शासकीय सेवेत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकाऱ्याची पदे आहेत, पण जाहिरात केव्हा निघेल याचा भरवसा नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील पदे कंत्राटी असतात, तरीही अनुभवासाठी ती चांगली. मला विचारशील तर रक्तपेढीकडे लक्ष ठेव. रक्तपेढीच्या परवान्यासाठी पात्र तंत्रज्ञ असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का याची तपासणी, करणाऱ्या माणसाचे कौशल्य यंत्राने पुरते भरून निघत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र आणि ऊतींच्या स्लाइड तयार करण्याचे काम, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी, यांतही हात बसलेली माणसे सहज मिळत नाहीत.

लॅबमध्ये मन रमत नसेल तर डायलिसिसचाही विचार कर. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ही सोय करण्यात आली. तेथील रुग्ण साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासांसाठी येतात, वर्षानुवर्षे येतात, आणि टेक्निशियनला घरच्यासारखे ओळखू लागतात. क्ष-किरण विभाग आणि शस्त्रक्रियागृह हेही मार्ग आहेत, त्यांविषयी भेटीत बोलू. आखाती देशांत जायचे तुझ्या मनात असल्याचे कळले. तेथे कागदपत्रांची डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत मूळ संस्थेकडून पडताळणी होते आणि प्रोमेट्रिक ही कंपनी घेते ती संगणकावरील परवाना परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे कच्च्या पदवीवर तेथे निभाव लागत नाही.

त्या पदवीविषयीच मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. २०२१ मध्ये केंद्राने सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक धरले आहे. सहा महिन्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या, बसस्थानकासमोर फलक लावणाऱ्या संस्था या हिशेबात कोठेच बसत नाहीत. घरबसल्या पदवीचाही विचार करू नकोस. यूजीसीने २०२५ पासून या शाखांतील दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत, आणि ते योग्यच झाले, कारण शीर शोधायला पुस्तकातून शिकता येत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे परावैद्यक तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, तीन वर्षांचा असून पुढे एक वर्षाची इंटर्नशिप असते. चार वर्षे लांब वाटतात, तरी माझा कल तिकडेच आहे.

‘डीएमएलटी झालास की स्वतःची लॅब टाकशील,’ असे तुला एका संस्थेच्या माणसाने सांगितल्याचे तू म्हणालास. डीएमएलटी म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका. त्याने अर्धेच सांगितले. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञाने तपासणी करावी आणि निष्कर्षाची जबाबदारी पॅथॉलॉजिस्टने घ्यावी, ही विभागणी मला न्याय्य वाटते. तिच्यात तुझा कमीपणा नाही. मात्र या आश्वासनावर कोणी लाखांची फी मागत असेल, तर तेथून उठून ये.

शनिवारी बाबांबरोबर महाविद्यालय पाहायला जाशील तेव्हा इमारतीपेक्षा संलग्न रुग्णालय पाहा. तेथे दिवसाला किती नमुने येतात, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रक्त काढू देतात की नुसते उभे करतात, आणि यंत्रांचे गुणवत्ता नियंत्रण रोज लिहून ठेवले जाते का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. चालू वर्षाचे विद्यापीठाचे संलग्नता पत्र पाहायला माग, आणि तेथील पदवीवर परावैद्यक परिषदेकडे नोंदणी होते का, हे बाबांना विचारून घेऊ दे. मूळ गुणपत्रिका तेथे ठेवून येऊ नकोस, छायांकित प्रती दे.

आणखी एक. प्रवेश कोठेही झाला तरी वॉर्डात पाऊल ठेवण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झालेली हवी. लहानपणी तुला ती दिलेली आहे, तरी अँटीबॉडीचा टायटर, म्हणजे रक्तातील तिचे प्रमाण, तपासून घेऊ. तो १० च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारून पुढचे डोस याच सुट्टीत सुरू करू. लसीकरणाचे जुने कार्ड लोखंडी कपाटात, माझ्या नोकरीच्या कागदांच्या फायलीत आहे. ते शनिवारी बरोबर ने.

तुझी,
आई